घमेल्यांची साखळी आणि भाच्याचा कॅमेरा

परवा भाचा जुन्या बाजारातून सात मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन आला. त्याच्या बारशाचे फोटो मी असल्याच एका कॅमेऱ्यावर काढले होते. "मामा, यात सीसीडी आहे, म्हणून रंग फिल्मसारखे येतात. फोनमध्ये ही जादू नाही!" मोजलेले पैसे ऐकून मी गप्प बसलो, पण कॅमेरा काही हातातून सोडवेना.

सीसीडी म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप. तिची कल्पना १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली. त्यासाठी २००९ चं नोबेलही मिळालं. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. जास्त प्रकाश, जास्त इलेक्ट्रॉन. प्रत्येक पिक्सेल म्हणजे ते साठवणारा एक खड्डा. खरी गंमत पुढेच आहे: लाखो खड्ड्यांतला माल मोजायचा कसा?

स्लॅब पडताना घमेल्यांची साखळी पाहिली असेल. माणसं जागची हलत नाहीत, घमेलं या हातातून त्या हातात जातं. सीसीडीत तेच घडतं. खड्ड्यांवर विजेच्या बारीक पट्ट्या, म्हणजे इलेक्ट्रोड असतात. शेजारच्या इलेक्ट्रोडचा व्होल्टेज वाढवला की तिथला खड्डा खोल होतो आणि इलेक्ट्रॉन तिकडे घरंगळतात. मग मागचा व्होल्टेज उतरवायचा. असं करत अख्खी ओळ एक घर खाली सरकते. तळाशी आडवी साखळी असते, तिच्या टोकाला एकच वजनकाटा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. ३००० गुणिले २००० पिक्सेलच्या चिपमध्ये लांबच्या कोपऱ्यातल्या घमेल्याला सुमारे ५००० हात बदलावे लागतात. दर वेळी हजारातला एकच इलेक्ट्रॉन मागे सांडला, तरी शेवटी शंभरातला एकसुद्धा धड पोचणार नाही. (०.९९९ चा ५००० वा घात काढून पाहा.) म्हणून तिथे लाखात एखादाच सांडेल इतकी काटेकोर साखळी लागते. मला या यंत्राचं वेड आहे ते यासाठी.

फोनमधल्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशीच छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. साखळीची गरज नाही, वीजही कमी लागते.

मग रंगांची जादू? सिलिकॉन दोन्हीकडे तेच, आणि ते रंगांधळं. रंग ओळखतात वर बसवलेल्या चिमुकल्या काचा: दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं त्यावरचं पेटंट १९७६ चं. त्या काचांची छटा आणि कॅमेऱ्यातलं गणित यांवर रंग ठरतो. शिवाय फोन अनेक फोटो एकत्र करून सावल्या उजळवतो, जुना कॅमेरा एकच काढतो आणि तोंडावर झेनॉन फ्लॅश मारतो. भाच्याला आवडतं ते हे.

याच फ्लॅशने एके काळी भुतंही दाखवली. फोटोतले पांढरे गोळे म्हणजे आत्मे, असं सांगणारे कमी नव्हते. भिंगाला खेटून असलेल्या फ्लॅशने उजळलेले, फोकसबाहेरचे धुळीचे कण होते ते. आत्मे झाडू मारला की वाढायचे.

संध्याकाळी गच्चीवर भाच्याने कॅमेरा मावळत्या सूर्याकडे धरला. पडद्यावर सूर्यातून वर-खाली झगझगीत उभा पट्टा उमटला. "बिघडलाय का हो मामा?"

"नाही रे. सूर्याशेजारून जाणाऱ्या प्रत्येक घमेल्यात तो थोडी वाळू टाकतोय."

त्याने बटण दाबलं. फोटोत पट्टा नव्हता: साखळी हलायच्या आत शटर मिटलं होतं.