जाड भिंतींच्या घरात वाय-फाय पोहोचवताना

खानदेशातील मोठ्या गावांमध्ये आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या शहरांच्या जुन्या भागांत फायबरची जोडणी आता घराच्या दारापर्यंत आली आहे. तरीही ओसरीत राउटरजवळ उत्तम चालणारे इंटरनेट माजघर ओलांडून मागच्या खोलीत जाईपर्यंत रखडू लागते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर बहुतेक जण एक तर जास्त वेगाचा प्लॅन घेतात, नाहीतर चार-सहा अँटेनांचा महागडा राउटर आणून तो जुन्याच जागी ठेवतात. दोन्ही उपायांत पैसे जातात आणि मागच्या खोलीत फारसा फरक पडत नाही, कारण अडचण येणाऱ्या वेगाची नसून मधल्या भिंतींची असते.

वाय-फायच्या रेडिओलहरी घरात मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती साधारण पाच ते सहा सेंटिमीटर भरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एक चतुर्थांश होते, आणि त्यात प्रत्येक भिंत आपला वाटा कापून घेते. राउटरमधून साधारणपणे १०० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा दहावा भाग, एवढीच शक्ती बाहेर पडते. व्हिडिओ कॉल सुरळीत चालण्यासाठी मोबाइलला जी पातळी लागते, ती तंत्रज्ञांच्या भाषेत उणे ६७ डीबीएम मानली जाते (डीबीएम हे शक्ती मोजण्याचे एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी लहर बळकट). तिचा अर्थ, निघालेल्या शक्तीचा सुमारे पन्नास कोटीवा हिस्सा मोबाइलपर्यंत पोहोचला तरी काम भागते. हा आकडा थक्क करणारा आहे, आणि वाय-फायच्या मर्यादाही त्यातूनच कळतात. इतक्या क्षीण लहरीवर काम चालत असताना वाटेत एखादी जास्तीची भिंत आली, तरी हिशेब बिघडतो.

आपल्याकडची घरे या दृष्टीने विशेष अवघड आहेत. धाब्याच्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा काळ्या दगडाच्या, हात-दीड हात जाडीच्या असतात. अशी भिंत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कशाबशा पलीकडे जाऊ देते आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी अडवते, आणि पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा हे नुकसान आणखी वाढते. नव्या बांधकामात विटांच्या भिंती तुलनेने पातळ असतात, पण स्लॅबमधील सळयांची जाळी आणि काँक्रीट मिळून खालच्या मजल्यावरची लहर वरच्या मजल्यावर फार कमी जाऊ देतात. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी आणि आरसा या वस्तू लहरीला आरपार जाऊ न देता परतवून लावतात. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते, कारण पत्र्याची पेटी, खालच्या टाकीतले पाणी आणि बाजूंच्या ओल्या ताट्या यांनी मिळून खिडकीत एक भक्कम आडोसाच उभा राहतो. फेब्रुवारीत नीट चालणारी खोली एप्रिलमध्ये अचानक कुरकुरू लागली, तर राउटरला दोष देण्याआधी कूलर कोठे बसवला आहे ते पाहावे.

परतलेल्या लहरींचा परिणाम तर घरबसल्या पाहता येतो. सिग्नलची पातळी डीबीएममध्ये दाखवणारे एखादे मोफत ॲप मोबाइलवर उघडून तो टेबलावर ठेवावा, आकडा स्थिर होऊ द्यावा, आणि मग मोबाइल केवळ चार बोटे सरकवावा. राउटर एका जागी, खोली तीच, तरी आकडा पाच-दहा एककांनी खाली-वर होतो. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एके ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर दुसऱ्या ठिकाणी एकमेकींना मारतात, आणि ही दोन ठिकाणे अर्ध्या लहरीहूनही कमी अंतरावर असू शकतात. एकेकाळी या परतध्वनींमुळेच घरात वेगवान बिनतारी जाळे उभारणे कठीण मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओसुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर तोड काढली. माहिती एकाच वेगवान धारेत पाठवण्याऐवजी ती अनेक कंप्रतांवर संथ धारांत वाटून पाठवली, की उशिरा पोहोचलेला परतध्वनी पुढच्या अक्षरात मिसळत नाही. या कामाचे अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मंजूर झाले.

एवढे समजून घेतले की निवडीचा मुख्य प्रश्न बदलतो. लहर भिंतींपलीकडे जोराने ढकलण्यापेक्षा लहरीचा उगमच त्या त्या खोलीत न्यावा, हे माझे ठाम मत आहे. ठिबक सिंचनात पाणी नळीने मुळापर्यंत नेतात आणि मातीत फक्त शेवटचे थेंब सोडतात. घरातल्या जाळ्यातही माहिती तारेने खोलीपर्यंत न्यावी आणि हवेवर फक्त शेवटची काही पावले सोपवावीत. खोलीतल्या या टोकाला जे उपकरण बसते, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. राउटर घराचे जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडतो आणि प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो. ॲक्सेस पॉइंटचे काम तेवढे व्यापक नसते, तो फक्त तार आणि हवा यांच्यातला दुवा असतो.

जास्त शक्तीचा राउटर या कामी का उपयोगी पडत नाही, याचे आणखी एक कारण लक्षात घेण्यासारखे आहे. संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. राउटरने मोठ्याने बोलून मोबाइलला ऐकवले, तरी मोबाइलचे उत्तर त्याच्या लहानशा अँटेनातून आणि मर्यादित बॅटरीवरच निघते. म्हणून मोबाइलवर चिन्हाच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि तरीही फोटो वर चढत नाही, असा प्रकार घडतो. बाजारात मिळणारे स्वस्त रिपीटर, म्हणजे आलेली लहर पकडून पुढे पाठवणारे डबे, हाही अर्धवट उपाय आहे. ज्या रिपीटरमध्ये एकच रेडिओ असतो, त्याला तीच माहिती एकदा ऐकून पुन्हा बोलावी लागते, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय लोक तो रेंज संपते तिथेच लावतात, म्हणजे त्याच्या हाती मुळातच दुबळी लहर येते. भाड्याच्या घरात, जिथे तार टाकणे शक्यच नाही, तिथे आपापसांत बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ असलेला मेश संच, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या उपकरणांचा संच, घ्यावा. पण स्वतःच्या घरात, विशेषतः रंगकाम किंवा दुरुस्ती निघालेली असताना, तार न टाकणे ही संधी घालवणे होय.

तारेच्या बाबतीत काटकसर करू नये. कॅट-६ जातीची, शुद्ध तांब्याची तार घ्यावी. ती १०० मीटरपर्यंत दर सेकंदाला एक गिगाबिट माहिती सहज नेते. दुकानात स्वस्त मिळणाऱ्या अनेक तारांमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: आतली एक बारीक तार ब्लेडने हलकेच खरवडावी. लालसर रंग तसाच राहिला तर तांबे, आणि खाली पांढरट चंदेरी धातू उघडा पडला तर मुलामा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, ते वाकवताना लवकर तुटते, आणि त्याच तारेतून वीजही न्यायची असेल तर ती तापण्याचा धोका वाढतो. वायरमन ही तार विजेच्या तारांच्याच पाइपातून ओढू पाहतात. तसे करू देऊ नये, वेगळा पाइप किंवा वेगळी केसिंग पट्टी घ्यावी. टोकाला कनेक्टर लावताना आठही धाग्यांचा क्रम दोन्ही बाजूंना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

याच तारेतून वीज पाठवण्याची सोय, म्हणजे पीओई, भारनियमनाच्या भागात फार मोलाची ठरते. २००३ मध्ये ठरलेल्या तिच्या पहिल्या मानकानुसार प्रत्येक तारेवर १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते, आणि घरगुती ॲक्सेस पॉइंटला साधारणपणे एवढी पुरते. पीओई स्विच (घरातल्या तारा एकत्र जोडून त्यांतून वीजही देणारा डबा) व फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या एका सॉकेटवर ठेवला, की वीज गेल्यावरही घरभरचे जाळे चालू राहते. दोन ॲक्सेस पॉइंट धरूनही हा सगळा भार जुन्या धाटणीच्या एका छतपंख्यापेक्षा कमी असतो.

जागा ठरवताना अंदाजावर विसंबू नये. एखादा राउटर लांब तारेच्या बोर्डावर लावून स्टुलावर ठेवावा, दारे नेहमीसारखी बंद करावीत, आणि माणसे प्रत्यक्ष जिथे बसतात त्या प्रत्येक जागी मोबाइल धरून ५ गिगाहर्ट्झची पातळी लिहून काढावी. उणे ६७ च्या खाली आकडा घसरतो तिथे पहिल्या उपकरणाची हद्द संपते. दुसरे उपकरण त्या हद्दीवर न बसवता पलीकडच्या भागाच्या मध्यावर बसवावे, म्हणजे दोघांची क्षेत्रे थोडीशीच एकमेकांवर येतात. छताला किंवा भिंतीवर उंच बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या वाटेत कपाटे आणि माणसे कमी येतात. टीव्हीच्या मागे, कपाटाच्या वर किंवा देवळीत तो लपवू नये. आपल्या हवामानाचा विचारही येथेच करावा. घरगुती उपकरणांच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा लिहिलेली असते, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतलाच पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक असतो. पत्र्याच्या खोलीत जास्त तापमान सोसणारे उपकरण घ्यावे किंवा पत्र्यापासून बरेच खाली, हवा खेळेल अशा जागी ते बसवावे.

जाड भिंतींचा एक फायदा मात्र कोणी मोजत नाही. जी भिंत आपली लहर बाहेर जाऊ देत नाही, ती शेजाऱ्याची लहरही आत येऊ देत नाही. मुंबईतल्या इमारतीत वीस-वीस जाळी एकमेकांवर आदळतात. आपल्या माजघरात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बहुधा पूर्ण मोकळा असतो. म्हणून येथे एका मोठ्या उपकरणापेक्षा मध्यम शक्तीवर चालणारी दोन किंवा तीन लहान उपकरणे घ्यावीत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच वाहिनीक्रमांक वापरावेत, कारण शेजारशेजारच्या वाहिन्या पाचच मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येकीला वीस मेगाहर्ट्झ रुंदी लागते; मधले क्रमांक निवडले तर दोन्हीकडचा गोंगाट पदरी पडतो.

मांडणीत नेहमी राहणारी त्रुटी म्हणजे घरात दोन राउटर आणि दोघेही पत्ते वाटणारे. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा असेल तर त्यातील डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी, त्याला पहिल्या राउटरच्याच मालिकेतला, पण वेगळा पत्ता द्यावा, आणि तार त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) खाचेत न लावता लॅन (घरातल्या जाळ्यासाठीच्या) खाचेत लावावी. सर्वत्र जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा. कोणत्या उपकरणाला धरायचे हे मोबाइल स्वतः ठरवतो, आणि तो जुन्या ओळखीला चिकटून राहण्याकडे झुकतो. त्याला वेळेवर सोडवण्यासाठी उपकरणांमध्ये ८०२.११ के, व्ही व आर या सोयी असाव्यात, आणि प्रक्षेपणाची शक्ती मुद्दाम थोडी कमी ठेवावी. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ किंवा निदान डब्ल्यूपीए-२ निवडावे आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी.

रावेर-यावल पट्ट्यातील अनेकांना घरापासून खळ्यापर्यंत किंवा मळ्यातल्या खोलीपर्यंतही जाळे हवे असते. मध्ये केळीची बाग असेल तर बिनतारी दुव्यावर भरवसा ठेवू नये, कारण केळीचे खोड आणि पाने बहुतांशी पाण्याचीच असतात आणि बाग वाढते तसा दुवा खचत जातो. तांब्याची तार एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून नेली, तर वळवाच्या पावसात जवळपास कोसळलेल्या विजेचा झटका तिच्यातून दोन्हीकडच्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. अशा ठिकाणी धातूचा धागा नसलेली फायबरची तार जमिनीखालून पाइपातून न्यावी आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि तारेतली वीज यांत संकेतांची अदलाबदल करणारा डबा, बसवावा. काच वीज वाहून नेत नाही, आणि १०० मीटरची मर्यादाही तिला लागू होत नाही. मळ्यातल्या खोलीबाहेर उपकरण लावायचे असल्यास त्यावर आयपी-६५ किंवा त्याहून वरची खूण पाहून घ्यावी. त्यातील पहिला आकडा धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो.