तिरकी अक्षरं: कुठे घ्यावी, कुठे टाळावी
(मालवणातल्या आमच्या बोर्ड-लेबलच्या दुकानाकडून ग्राहकांसाठी)

"नाव जरा तिरकं करा," असं आमच्याकडे रोज कुणीतरी सांगतं. ऑर्डर देण्याआधी एवढं वाचून घ्या.

इंग्रजी तिरका टाईप, म्हणजे इटॅलिक, व्हेनिसचा. तिथल्या आल्दुस मानुत्सिओ या छापखानेवाल्याने १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या कविता खिशात मावेल अशा पुस्तकात छापल्या, त्या याच टाईपात. फ्रान्चेस्को ग्रिफोने तो त्या काळच्या लपेटीच्या हस्ताक्षरावरून कोरला होता. टोकांना पाय नसलेली सॅन्स सेरिफ अक्षरं छापात आली ती पार १८१६ च्या सुमारास. तिथे बऱ्याचदा उभं अक्षरच कलवून तिरकं केलं गेलं. १९५७ च्या हेल्वेटिका या सॅन्स सेरिफ टाईपाचं तिरकं रूप तसंच. अलीकडचे चांगले सॅन्स इटॅलिक मात्र वेगळे काढलेले असतात. लहान 'ए' एकमजली होतो, म्हणजे वरची कमान जाऊन नुसता गोल आणि दांडी उरते, 'एफ'ची शेपटी कधी ओळीखाली उतरते, अक्षर थोडं अरुंद होतं.

फरक बघायचा तर दुकानात या, भिंग देतो. संगणकाने नुसता ओढलेला 'ओ' वर उजवीकडे आणि खाली डावीकडे फुगतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक पडतो. नीट काढलेल्या 'ओ'मध्ये ही जाडी हाताने सारखी केलेली असते. तीन फुटी बोर्डावर हे भिंगाशिवायही दिसतं.

मराठी नाव शक्यतो उभंच ठेवा. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. कलवलं की शिरोरेघ आडवीच राहते, काने कलतात आणि रफार, मात्रा शेजारच्या अक्षरावर गेल्यासारख्या दिसतात. उठाव हवा तर जाड अक्षर घ्या, नाहीतर रंग बदला.

कोकम सरबताच्या लेबलावर तिरक्या टाईपाची हक्काची जागा आहे. कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, हापूसचं मँजिफेरा इंडिका. रोमन लिपीत ही नावं तिरकीच छापायचा रिवाज आहे. तारीख, वजन, किंमत मात्र उभ्या आकड्यांत. बारीक तिरके आकडे वाचताना चुकतात.

होडीवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. उजव्या बाजूला लिहिलेलं तिरकं नाव नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे झुकतं, होडी पुढे धावतेय असं वाटतं. तेच नाव डाव्या बाजूला लिहिलं की अक्षरं मागे रेलतात. आम्ही दोन्ही बाजूंना उभंच लिहायला सांगतो. टेम्पोलाही हेच लागू.

येताना नाव कागदावर स्वच्छ लिहून आणा आणि बोर्ड किती फुटांवरून वाचायचा ते सांगा. दहा फुटांना एक इंच उंची हा आमचा हिशेब; तिरक्याला आम्ही थोडी जास्तच धरतो. आधी साध्या कागदावर नमुना काढून देऊ. तो जागेवर चिकटवून रस्त्यापलीकडून वाचून बघा, मगच होकार द्या.