घरासाठी घर सोडलेली माणसं

20 डिसेंबर 1906 रोजी 'डोरिक' नावाचं जहाज होनोलुलुच्या बंदराला लागलं आणि त्यातून 15 फिलिपिनो उतरले. फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस पट्ट्यातली ही माणसं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी जमीन, आणि पिढीगणिक तिचे होत गेलेले तुकडे. हवाईच्या ऊसमळ्यांना मजूर हवे होते. चिनी मजुरांना कायद्यानं दार बंद झालं होतं आणि जपानी मजूर संप करू लागले होते. फिलिपिन्स मात्र 1898 च्या तहात अमेरिकेनं स्पेनला 2 कोटी डॉलर मोजून ताब्यात घेतलेला देश, त्यामुळे तिथल्या माणसाला व्हिसा लागत नसे. तो परका नव्हता, पण नागरिकही नव्हता. या अधांतरी दर्जाची किंमत त्यांच्या दोन पिढ्यांनी मोजली आहे.

मळ्यावरच्या प्रत्येक मजुराला एक बिल्ला मिळे. त्याला 'बांगो' म्हणत. धातूची छोटी चकती, वर नंबर, वरच्या बाजूला भोक, म्हणजे दोऱ्यात ओवून गळ्यात घालता येई. पगार त्या नंबरावर, दुकानातली उधारीही त्याच नंबरावर. गावाकडे ज्याला वडीलकीनं 'मनोंग', म्हणजे आपल्याकडचा 'दादा', म्हणत, तो इथे नुसता आकडा झाला. तीन वर्षांचा करार संपला की परत जायचं, जमिनीचा एक तुकडा घ्यायचा, लग्न करायचं, असा बेत बहुतेकांनी केलेला असे. काही जण परतले. बाकीचे कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या शतावरीच्या शेतांत गेले, उन्हाळ्यात अलास्कातल्या सामन माशांच्या कारखान्यांत, आणि मग पुन्हा शेतांवर. शतावरीचा कोंब जमिनीलगत कापावा लागतो, त्यामुळे दिवसभर कंबर वाकलेली आणि अंगावर खाज आणणारी काळी धूळ.

यात कुटुंब कुठे होतं? नव्हतंच. मळेवाल्यांना एकटे पुरुष परवडत. 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियात दर चौदा फिलिपिनो पुरुषांमागे जेमतेम एक फिलिपिनो स्त्री होती. गोऱ्या मुलीशी लग्न करावं, तर तेही शक्य नव्हतं. 1933 मध्ये कॅलिफोर्नियानं आपल्या विवाहबंदीच्या कायद्यात 'मलय वंश' हे शब्द मुद्दाम घातले, आणि ती बंदी उठायला 1948 उजाडलं. त्याआधी, जानेवारी 1930 मध्ये, वॉटसनव्हिल गावात जमावानं अनेक दिवस फिलिपिनोंवर हल्ले केले. मजुरांच्या निवाऱ्यावर झालेल्या गोळीबारात फर्मिन टोबेरा हा 22 वर्षांचा तरुण मारला गेला. 1934 च्या कायद्यानं फिलिपिन्सला स्वातंत्र्याचं वचन मिळालं, पण त्याच कायद्यानं वर्षाला फक्त 50 जणांना प्रवेश ठेवला. ज्यांनी गावी नियमित पैसे धाडले, भावंडांची शिक्षणं केली, ते मनोंग स्वतः बिनलग्नाचे म्हातारे झाले. त्यांनी घरं उभी केली, पण ती दुसऱ्यांची. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट.

2 जुलै 1946 च्या ल्यूस-सेलर कायद्यानं फिलिपिनोंना नागरिकत्वाचा हक्क दिला. त्याच कायद्यानं तो भारतीयांनाही मिळाला आणि दोघांना वर्षाला प्रत्येकी 100 जागा मिळाल्या. आपल्या आणि त्यांच्या अमेरिकेतल्या वाटा अशा एका कागदावर जुळलेल्या आहेत. महायुद्धात अमेरिकेकडून लढलेले काही फिलिपिनो सैनिक याच काळात मायदेशात लग्न करून बायकांना घेऊन आले, आणि स्टॉकटनच्या 'लिटल मनिला' वस्तीत पोरांचा आवाज वाढला. पण फिलिपिन्समध्ये राहून लढलेल्या हजारोंचे सैनिकी लाभ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, 1946 मध्येच काढून घेतले. त्यांना एकरकमी भरपाई मिळाली 2009 मध्ये, तोवर त्यांतले बरेचसे हयात नव्हते.

उरलेले मनोंग गप्प बसले नाहीत. 8 सप्टेंबर 1965 रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. पुढे होते लॅरी इटलियाँग, पंधराव्या वर्षी आलेले आणि कामात तीन बोटं गमावलेले. आठवड्याभरानं सेझार चावेझ यांची मेक्सिकन वंशाच्या मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. लोकांच्या लक्षात चावेझ राहिले, पण संपाची सुरुवात या म्हाताऱ्या दादांची होती, हे सांगायला हवं. संप 1970 पर्यंत चालला. निवृत्त मनोंगांसाठी डेलानोत 1974 मध्ये 'अग्बायानी व्हिलेज' उभं राहिलं, कारण त्यांना सांभाळायला मुलंबाळं नव्हती.

1965 च्या स्थलांतराच्या नव्या कायद्यानं चित्र पालटलं आणि आता बाईमाणूस पुढे निघालं. फिलिपिन्समध्ये नर्सिंगचं शिक्षण अमेरिकी राजवटीतच, इंग्रजीतून, सुरू झालेलं होतं. 1948 पासून विनिमय योजनेतून नर्सेस येत होत्या, आता त्या कायमच्या येऊ लागल्या. पोरं 'लोला'कडे, म्हणजे आजीकडे. फोन महाग, म्हणून कॅसेटवर आवाज भरून पाठवायचा. जोडे धाडायचे तर मुलाच्या पावलाची आखणी कागदावर मागवून घ्यायची. अमेरिकेहून घरी धाडलेलं, भरायला महिने लागणारं ते खोकं म्हणजे 'बालिकबायान बॉक्स'. टॉवेल, साबण, कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं, आणि जोड्यांच्या पोकळीत कोंबलेले मोजे, इंचभर जागा वाया जाऊ नये म्हणून. कोविडच्या पहिल्या लाटांत याच बायका पुढे उभ्या होत्या. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे 4 टक्के, पण नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये मोजलेल्या मृत नर्सेसमध्ये जवळजवळ एक तृतीयांश.

आज अमेरिकेत फिलिपिनो वंशाचे 40 लाखांहून अधिक लोक आहेत, तरी ताटातूट संपलेली नाही. नागरिक झालेल्या बहिणीनं भावासाठी अर्ज केला, तर फिलिपिन्सच्या रांगेत वीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. अर्ज भरताना भावाची मुलगी मांडीवर असते. नंबर लागेपर्यंत ती एकवीस ओलांडते आणि बापाच्या अर्जातून तिचं नाव बहुधा गळतं. मग भाऊ एकटा येतो, आणि मुलीसाठी नवा अर्ज भरतो.