बिघाड की घुसखोरी? सिस्टीम मॅनेजमेंट आणि सिक्युरिटी संशोधनातला फरक

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. ती का आली ते शोधायचं काम क्लिफर्ड स्टोल याच्याकडे गेलं. हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ, नुकताच संगणक विभागात आलेला. बेरजेत कुठेतरी चूक असेल, दोन दिवसांत सापडेल, असं कोणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात माग निघाला तो थेट पश्चिम जर्मनीपर्यंत. तिथला एक हॅकर अमेरिकी लष्करी संगणकांत शिरत होता आणि मिळालेली माहिती केजीबीकडे, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेकडे, जात होती.

स्टोलने काम हातात घेतलं तेव्हा ते सिस्टीम मॅनेजमेंटचं होतं, संपलं तेव्हा सिक्युरिटीचं. मधे यंत्रं बदलली नाहीत, लॉगही (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी) तेच होते. पलीकडे चूक नसून माणूस आहे, एवढंच काय ते कळलं. या दोन शाखांत लोकांची गल्लत होते ती यामुळेच: हत्यारं सारखी, कामाची जागा सारखी, बऱ्याचदा हुद्दाही एकच.

पण संशोधक म्हणून करिअर करायचं तर दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. मॅनेजमेंटवाला विचारतो, ही हजार यंत्रं असायला हवीत तशी आहेत का, आणि नसतील तर परत तशी कशी आणायची? सिक्युरिटीवाला विचारतो, मालकाला नको असलेलं काम या यंत्राकडून कोणी करून घेऊ शकेल का?

फरक शब्दांचा वाटतो, पण त्यामुळे सगळं गणितच बदलतं. डिस्क बिघडते ती कोणावर डूख धरून नाही. एक बिघडली म्हणून दुसरी त्याच क्षणी बिघडायची शक्यता कमी, म्हणून तीन प्रती ठेवल्या की माणूस निवांत झोपतो. हाच उपाय हल्लेखोरापुढे लावून बघा. तिन्ही सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर असेल तर तिन्हींना तेच भोक, आणि एकात शिरलेला माणूस त्याच वाटेने उरलेल्या दोन्हींत शिरतो. उलट प्रती वाढवल्या तर त्याला दारंच जास्त मिळाली. हजारातली ९९९ यंत्रं नीट चालली तर मॅनेजमेंटवाला खूश असतो. सिक्युरिटीवाल्याचा सगळा घोर उरलेल्या एका यंत्राचा.

पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, लावायची वेळ आली की हे दोघे हमखास भांडतात. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीवर पॅच दिला. १२ मे रोजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ‘वॉनाक्राय’ पसरलं ते नेमकं याच त्रुटीतून, पॅच न लावलेल्या यंत्रांवर. जवळजवळ दोन महिने हातात होते! सिक्युरिटीवाल्याने डोक्याला हात लावला तर त्याचं चुकलं नाही. पण आता दुसरी बाजू. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट एकदम सगळीकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. हल्लेखोर कोणीच नव्हता. घाई सुरक्षेची होती आणि चूक मॅनेजमेंटची: आधी थोड्या यंत्रांवर सोडा, बघा, मग पुढे जा, हा त्या शाखेतला अगदी बाळबोध धडा. माझं मत विचाराल तर पॅचला उशीर करणारा अ‍ॅडमिन (यंत्रं सांभाळणारा) दर वेळी आळशी नसतो. अपडेटमुळे काय काय बंद पडतं हे त्याने भोगलेलं असतं.

संशोधनाची चालही वेगळी. सिक्युरिटीत त्रुटी सापडली की घड्याळ सुरू होतं. गुगलची प्रोजेक्ट झीरो ही त्रुटी शोधणारी टुकडी कंपनीला दुरुस्तीसाठी साधारण ९० दिवस देते, मग तपशील उघड करते. नाव लवकर होतं, विसरही लवकर पडतो. मॅनेजमेंटमधलं काम संथ, त्याच्या बातम्या होत नाहीत. मार्क बर्जेस या संशोधकाने १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन हा यंत्रांची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली कल्पना अशी की यंत्राला पायऱ्या सांगायच्या नाहीत, शेवटी कसं दिसायला हवं ते सांगायचं. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा फिरतो आणि जे ढळलं असेल ते जागेवर आणतो. फाइल चुकून बदलली की कोणी मुद्दाम बदलली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९९८ मध्ये बर्जेस यांनीच ‘संगणकाची रोगप्रतिकारशक्ती’ या अंगाने यावर लिहिलं, आणि दोन शाखांमधली भिंत तिथे बरीच पातळ झाली.

ती भिंत सहज ओलांडणारा माणूस म्हणजे वीत्से वेनेमा. स्टोलप्रमाणे हेही बाहेरचे, मूळचे भौतिकशास्त्रातले. या क्षेत्रात बाहेरून आलेल्यांचं का जमतं कोण जाणे. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठात एक घुसखोर वारंवार शिरून डिस्कच्या डिस्क पुसून टाकत होता. त्याचा माग लागावा म्हणून वेनेमांनी टीसीपी रॅपर हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सुरुवातीचा उद्देश साधा, कोण कुठून आलं याची नोंद ठेवणं. मग त्यातच कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवायची सोय आली. १९९५ मध्ये डॅन फार्मर यांच्याबरोबर त्यांनी ‘सेटन’ हे नेटवर्कमधल्या त्रुटी शोधणारं साधन खुलं केलं. चोराच्या हातात किल्ली दिली, असा ओरडा तेव्हा झाला होता. पुढे आयबीएमच्या संशोधन केंद्रात त्यांनी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर, म्हणजे ई-मेल पोचवणारं सॉफ्टवेअर, लिहिला. त्याचं काम अनेक छोट्या प्रोग्रॅममध्ये वाटलेलं आहे आणि बहुतेकांना अगदी जेवढ्यास तेवढेच अधिकार आहेत. त्यामुळे एखादा भाग कोसळला तर बाकीचे चालत राहतात, आणि एखादा हल्लेखोराच्या हाती लागला तरी त्याला सगळं यंत्र मिळत नाही.