पडद्याखालच्या दोन ओळी

परभाषेतले बघायलाच हवेत असे सिनेमे कोणते, असं कुणी विचारलं की तीच ती नावं ओळीने येतात. डि सिकाचा 'बायसिकल थीव्ज', कुरोसावाचा 'राशोमोन', मग फेलिनी, बर्गमन, आणि अलीकडचं म्हणून थोडं इराण, थोडं कोरिया. यादीशी माझं भांडण नाही, यातले बहुतेक सिनेमे मी पुन्हा पुन्हा पाहिलेत. पण ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. कुठला सिनेमा कुठल्या सीमेवर अडला, कुणी पदरमोड करून त्याची प्रिंट आणली, कुणी त्यातले संवाद दोन ओळींत बसवले, यावर ती ठरत गेली. उत्तम सिनेमांची यादी म्हणून आपण जी वाचतो, ती बरीचशी आपल्यापर्यंत पोचलेल्या सिनेमांची यादी असते.

मुळात 'परभाषेतला सिनेमा' हे प्रकरणच बोलपट आल्यानंतरचं. मूकपटात भाषा होती ती मधेमधे येणाऱ्या पाट्यांपुरती. जुन्या पाट्या कापायच्या, नव्या भाषेतल्या जोडायच्या, की सिनेमा पुढच्या देशात जायला मोकळा. डेन्मार्कची आस्टा नील्सन सगळ्या युरोपची नायिका होऊ शकली ती यामुळेच. जर्मनीत मुर्नाऊने तर 1924 च्या 'द लास्ट लाफ'मध्ये पाट्या जवळजवळ काढूनच टाकल्या.

जपानमध्ये या पाट्यांच्याही पलीकडचा प्रकार होता. तिथे पडद्याशेजारी बेन्शी उभा राहायचा. तो गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, पाश्चात्त्य घरातल्या चालीरीती समजावून द्यायचा. लोक नटांच्या नावावर यायचे तसे बेन्शींच्या नावावरही यायचे. परदेशी मूकपटांना आवाज देणाऱ्या अशा बेन्शींमध्ये हेइगो कुरोसावा नावाचा एक तरुण होता. धाकट्या भावाला तो सिनेमे दाखवायचा, त्यावर बोलायचा. त्या धाकट्याचं नाव अकिरा. हे दोघे भाऊ पुढे परत येतील.

ऑक्टोबर 1927 मध्ये 'द जॅझ सिंगर' न्यूयॉर्कमध्ये लागला आणि पडद्यावरची माणसं बोलू लागली. जानेवारी 1929 मध्ये तो पॅरिसला आला तेव्हा खाली फ्रेंच ओळी होत्या. म्हणजे सबटायटल्सची युक्ती अगदी सुरुवातीलाच सुचलेली होती. पण तिच्यावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. चित्र बघायचं, ऐकायचं आणि शिवाय वाचायचं, हे प्रेक्षकाला झेपेल का, अशी शंका निर्मात्यांना होती.

मग त्यांनी भलताच खर्चिक मार्ग धरला: एकच सिनेमा वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित करायचा. पॅरामाउंटने 1930 मध्ये पॅरिसजवळ जुआंव्हीलला स्टुडिओ घेतला. सेट तोच, कथा तीच, नटांचे ताफे बदलत राहायचे. लॉरेल आणि हार्डी कॅमेऱ्याबाहेर धरलेल्या फळ्यांवरचे उच्चार वाचत स्पॅनिश बोलायचे. ग्रेटा गार्बोने 'ॲना क्रिस्टी' इंग्रजीनंतर जर्मनमध्येही केला. हॉलिवूडमध्ये 'ड्रॅक्युला'चं इंग्रजी चित्रण दिवसा चाले आणि रात्री त्याच सेटवर दुसरा दिग्दर्शक, दुसरे नट घेऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' करी. 1931 चा तो स्पॅनिश सिनेमा आज पाहिला तर कॅमेऱ्याच्या हालचालीत तो दिवसपाळीच्या सिनेमापेक्षा सरस वाटतो. मला तरी वाटतो. पण हा खर्च परवडणारा नव्हता. दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं आणि उरले दोनच रस्ते: डबिंग किंवा सबटायटल्स.

कुठल्या देशाने कुठला रस्ता धरला यात प्रेक्षकाच्या आवडीपेक्षा पैसा आणि सत्ता यांचा हात मोठा. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स यांच्या भाषा बोलणारे थोडे. तिथे डबिंगचा खर्च भरून निघणार कसा? म्हणून सबटायटल्स. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने 1930 मध्ये पडद्यावर परकी भाषा ऐकवायलाच बंदी केली आणि डबिंगचा धंदा फोफावला. स्पेनमध्ये फ्रँकोच्या सरकारने 1941 मध्ये डबिंग सक्तीचं केलं. गंमत म्हणजे शेजारच्या पोर्तुगालमध्येही हुकूमशाहीच होती आणि तिने 1948 च्या कायद्याने डबिंगवर बंदी आणली. परकी सिनेमा वाचावा लागला तर तो कमी लोक बघतील आणि देशी सिनेमाला बाजार राहील, असा त्यामागचा हिशेब. धाक एकच, उपाय नेमके उलटे.

डबिंगमध्ये सत्तेला एक मोठी सोय होती: मूळ आवाजच नाहीसा होत असल्यामुळे काय बदललं ते प्रेक्षकाला कळायचं नाही. स्पेनमध्ये 'मोगॅम्बो' आला तेव्हा विवाहित बाईचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम बसतं हे सेन्सॉरला खपेना. त्यांनी संवाद बदलून नवरा-बायकोला भाऊ-बहीण केलं. पडद्यावरची जवळीक मात्र तशीच राहिली, त्यामुळे व्यभिचार लपवायला जाऊन भावाबहिणीतलं भलतंच काही सूचित होऊन बसलं. पश्चिम जर्मनीत 1952 मध्ये 'कासाब्लांका' दाखवला गेला तो पंचवीसेक मिनिटं कापून. नाझी अधिकारी गायब, आणि भूमिगत चळवळीतला लास्लो हा लार्सन नावाचा नॉर्वेजियन शास्त्रज्ञ! सबटायटल्सही खोटं बोलू शकतात, पण तिथे मूळ आवाज कानावर पडत असतो आणि भाषा जाणणारा एखादा प्रेक्षक कुठेतरी बसलेला असतो.

सबटायटल्सची कारागिरी साधी वाटते, पण तशी नाही. 1930 च्या दशकात फिल्मवर मेणाचा पातळ थर द्यायचे. प्रत्येक ओळीचा धातूचा ठसा तापवून तो त्यावर दाबायचे. अक्षरापुरतं मेण वितळायचं आणि मग रसायनात बुडवलं की तेवढ्या भागातला चित्राचा थर निघून पांढरी अक्षरं उमटायची. पांढरी, त्यामुळे मागे बर्फ असलं किंवा पांढरा टेबलक्लॉथ आला की वाक्य गेलंच. जुन्या प्रिंटवर ज्यांनी सिनेमे पाहिलेत त्यांना ही चिडचिड आठवत असेल. न्यूयॉर्कमध्ये हर्मन वाइनबर्ग यांनी शेकडो सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स दिली. लोक वाचण्यासाठी मान खाली-वर करत बसतील का, ही त्यांनाही धास्ती होती. म्हणून ते थिएटरात जाऊन सिनेमा सोडून प्रेक्षकांकडे पाहत बसले. मान हलत नव्हती, नुसते डोळे खाली जात होते. तेव्हापासून त्यांनी ओळी वाढवल्या.

तरी मर्यादा राहतेच. एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, पडद्यावर फार तर सहा सेकंद. माणूस वाचतो त्यापेक्षा भरभर बोलतो, म्हणून संवादाचा बराच भाग गाळावा लागतो. पहिला बळी जातो तो आदरार्थी-एकेरीचा. दोन माणसं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली हे इंग्रजी ओळीत दाखवायचं कसं? मग बोली, मग शिव्या. आपण बहुतेक परकी सिनेमे इंग्रजीच्या चाळणीतून पाहतो, म्हणजे आपल्याकडे उरतं ते दोनदा गाळलेलं.

आता त्या दोन भावांकडे. फेब्रुवारी 1931 मध्ये 'मोरोक्को' हा हॉलिवूडचा बोलपट टोकियोत जपानी सबटायटल्ससह लागला आणि चालला. त्याबरोबर परदेशी सिनेमांच्या बेन्शींचं काम संपल्यात जमा झालं. त्यांनी संप केला. हेइगो त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी. संप फसला. 1933 मध्ये, तिशी गाठण्याआधीच, हेइगोने आत्महत्या केली.

अठरा वर्षांनी, सप्टेंबर 1951 मध्ये, अकिरा कुरोसावाच्या 'राशोमोन'ला व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. सिनेमा तिथे पाठवलाय हे खुद्द दिग्दर्शकालाच ठाऊक नव्हतं. दाइए कंपनीच्या प्रमुखांना तो कळलाही नव्हता आणि आवडलाही नव्हता. टोकियोत इटालियन शिकवणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली यांनी तो पाहिला आणि पाठवण्याचा आग्रह धरला. कुरोसावा त्या दिवशी मासे पकडायला गेला होता. गळाची दोरी तुटली म्हणून वैतागून घरी आला तर बायकोने अभिनंदन केलं. कशाबद्दल, असं त्यालाच विचारावं लागलं. ज्या छापील ओळींनी थोरल्याचा पेशा संपवला, तसल्याच ओळींवर स्वार होऊन धाकट्याचा सिनेमा जगभर गेला.

महोत्सव तोवर या व्यवहाराची पेठ झाले होते. व्हेनिस 1932 पासूनचा. तिथे 1938 मध्ये फॅसिस्ट-नाझी दबावाखाली बक्षिसं वाटली गेली म्हणून फ्रेंचांनी कानचा महोत्सव योजला. तो सप्टेंबर 1939 मध्ये व्हायचा होता, तेवढ्यात युद्ध लागलं आणि पहिला खरा महोत्सव 1946 मध्ये झाला. बर्लिन 1951 मध्ये आलं.

अमेरिकेत ही लढाई आयातदारांनी लढली, आणि जोसेफ बर्स्टिन हे नाव यादी करणाऱ्यांनी विसरू नये. 'बायसिकल थीव्ज' त्यांनी आणला तेव्हा हॉलिवूडच्या नीतिनियमांच्या कार्यालयाने दोन प्रसंग कापायला सांगितले: मुलगा भिंतीशी लघवीला उभा राहतो तो, आणि कुंटणखान्यातला. बर्स्टिन यांनी नकार दिला आणि मंजुरीच्या शिक्क्याविनाच सिनेमा चालवला. पुढे रोसेलिनीच्या 'द मिरॅकल'वर धर्मनिंदेचा ठपका ठेवून न्यूयॉर्क राज्याने परवाना काढून घेतला, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे 1952 मध्ये न्यायालयाने सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे असा निकाल दिला आणि 1915 चा उलटा निकाल मोडीत काढला. म्हणजे हॉलिवूडला पुढे जो मोकळेपणा मिळाला त्याचं मूळ चाळीसेक मिनिटांच्या एका इटालियन सिनेमात आहे.

ऑस्करने मात्र सावकाश दार उघडलं. आधी नुसते मानाचे पुरस्कार, आणि 1956 च्या सिनेमांपासून परभाषेसाठी स्वतंत्र स्पर्धा. पहिला मान फेलिनीच्या 'ला स्त्रादा'ला. देशाने एकच सिनेमा पाठवायचा, या नियमाने कितीतरी चांगले सिनेमे घरीच राहिले. शिवाय सिनेमा पाठवणाऱ्या देशाच्याच भाषेत हवा, असाही हट्ट बराच काळ होता. तो सुटला म्हणून दीपा मेहतांचा हिंदी 'वॉटर' कॅनडातर्फे नामांकनापर्यंत पोचला. 2019 मध्ये 'परभाषा' हा शब्द काढून पुरस्काराचं नाव 'आंतरराष्ट्रीय' केलं. त्याच वर्षी नायजेरियाचा 'लायनहार्ट' संवाद बहुतांशी इंग्रजीत आहेत म्हणून बाद झाला. इंग्रजी ही नायजेरियाची राजभाषा. पाटी बदलली, दुकान तेच! काही महिन्यांनी 'पॅरासाइट'ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाच पुरस्कार नेला, इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला पहिलाच.

जे पोचले त्यांची ही गोष्ट झाली. ओझूचा 'टोकियो स्टोरी' 1953 चा, 'राशोमोन' नुकताच गाजलेला असतानाचा. पण ओझू परदेशी प्रेक्षकाला 'फार जपानी' वाटेल असं जपानी कंपन्यांनीच ठरवून टाकलं होतं. न्यूयॉर्कच्या थिएटरात तो लागला 1972 मध्ये, ओझू जाऊन आठ वर्षं झाल्यावर. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगातल्या समीक्षकांचा कौल घेतं. त्यांच्या 2012 च्या कौलात 'टोकियो स्टोरी' तिसरा होता आणि दिग्दर्शकांच्या कौलात पहिला.

याच मासिकाच्या 1952 च्या पहिल्या कौलात पहिला आला होता 'बायसिकल थीव्ज', तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. मग पन्नास वर्षं पहिल्या जागेवर 'सिटिझन केन' आणि 2012 मध्ये 'व्हर्टिगो', म्हणजे अमेरिकाच. 2022 मध्ये ती जागा शांताल आकेरमानच्या 'जान डीलमान' या 1975 च्या फ्रेंच भाषेतल्या सिनेमाने घेतली. सव्वातीन तासांहून जास्त लांबीच्या या सिनेमात सबटायटल्स करणाऱ्याला काम थोडंच आहे. ती बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलते तेव्हा काही बोलत नाही.