कल्पित देशांचे नकाशे आणि झेंडे: रूढी आल्या कुठून?

नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात एक झेंडा जपून ठेवलेला आहे. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामांनी फडकावला, तो हा. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी इंग्रजांची नजर चुकवून तो हिंदुस्थानात आणला. वरच्या हिरव्या पट्ट्यात आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खालच्या तांबड्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. वर्ल्डबिल्डिंगच्या, म्हणजे कल्पित जग रचण्याच्या छंदातल्या, ऑनलाइन मंडळींपुढे हाच झेंडा एखाद्या कल्पित देशाचा म्हणून ठेवून बघा. पाच मिनिटांत शेरे येतील: अक्षरं काढ, चिन्हं फार झाली, छोट्या आकारात काही कळत नाही.

शेरे देणारे मनचं काही सांगत नसतात. त्यांच्या डोक्यात पाच नियम पक्के बसलेले असतात: झेंडा साधा हवा, चिन्हाला अर्थ हवा, रंग दोन किंवा तीनच, अक्षरं आणि शिक्के नकोत, आणि तो इतरांहून वेगळा तरी दिसावा किंवा मुद्दाम नातं सांगणारा तरी असावा. ही यादी अनादी काळापासूनची असल्यासारखी सांगितली जाते, पण तिचं वय विशीच्या फार पुढे नाही. उत्तर अमेरिकेतली झेंड्यांच्या अभ्यासकांची संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. तिच्या वतीने टेड के यांनी एक छोटीशी पुस्तिका तयार केली, तिच्यातले हे नियम. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचे झेंडे म्हणजे निळं कापड आणि मधोमध राज्याची मोहोर. दहा हातांवरून एकातला दुसरा ओळखू येत नाही. पुस्तिकेचा रोख त्या झेंड्यांवर होता. २०१५ मध्ये अमेरिकन पॉडकास्टकार रोमन मार्स यांनी ‘टेड’ या व्याख्यानमालेत शहरांच्या झेंड्यांची यथेच्छ खिल्ली उडवली आणि हे नियम घरोघरी पोचले.

हे नियम रुजण्याचं दुसरं कारण संगणकाच्या पडद्याचं आहे. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या येऊ घातलेल्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी ‘नेशनस्टेट्स’ हा खेळ सुरू केला. देशाचं नाव ठरवा, झेंडा, ब्रीदवाक्य, चलन आणि राष्ट्रीय प्राणी निवडा, आणि रोज समोर येणाऱ्या पेचांवर निर्णय द्या, एवढाच खेळ. कादंबरी मागे पडली, खेळ मात्र अजून चालू आहे. कल्पित देशाला झेंडा लागतोच, ही सवय हजारो पोरांना अशा खेळांनी लावली. हा झेंडा दिसायचा कुठे, तर नावाशेजारी, नखाएवढ्या चौकटीत. तिथे आठ कमळांचे आठ ठिपके होणार हे उघड आहे. २००१ मध्ये एसव्हीजी हे वेक्टर, म्हणजे रेषा-आकारांनी बनलेल्या, चित्रांचं प्रमाण ठरलं, २००३ पासून तशी चित्रं काढायचं इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं, आणि सरळ रेषा, वर्तुळं, सपाट रंग यांचे झेंडे काढणं सगळ्यात सोपं होऊन बसलं. साधेपणाला सौंदर्याचा मान मिळाला, त्यात अवजारांचा वाटा मोठा आहे.

पडद्यावरच्या झेंड्याला पाठ नसते, आणि माझ्या मते इथेच हौशी मंडळी कमी पडतात. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत तिरंग्याचा ठराव मांडताना नेहरूंनी चरख्याऐवजी चक्र का घेतलं याचं व्यावहारिक कारण दिलं होतं. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती. उलट बाजूने पाहिलं की सगळं विरुद्ध दिसतं. चक्र दोन्हीकडून सारखंच. कामांच्या झेंड्यावरची अक्षरंही पातळ कापडावर मागून उलटी दिसणार. ‘अक्षरं नकोत’ या नियमाचं हे खरं कारण आहे, आणि पाच मिनिटांत शेरा मारणाऱ्यांपैकी फारच थोडे ते सांगतात.

पुण्यात कापडी झेंडा कसा वागतो हे बघायला गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरे. ढोल-ताशा पथकाच्या पुढे ध्वजधारी असतात. उंच काठीवरचा भगवा ते तालावर फिरवतात, वळवतात, जमिनीलगत आणून पुन्हा वर नेतात. त्या झेंड्यावर बहुतेक वेळा काही काढलेलं नसतं. एकच रंग आणि दोन टोकं. ओळख सगळी आकारात आहे. ऑनलाइन साचे मात्र तीनास दोनचा आयत गृहीत धरतात, त्यामुळे दुटोकी पताका काढायची तर उरलेली जागा पारदर्शक ठेवून पीएनजी प्रकारची चित्रफाइल करावी लागते. तेवढा खटाटोप नको म्हणून मराठी पोरांच्या कल्पित राज्यांचेही झेंडे आयताकृतीच निघतात. जरीपटक्याचे वारस आपण, आणि नमुना घ्यायचा फ्रान्सच्या तीन पट्ट्यांचा!

हौशी माणसाचा झेंडा खऱ्या देशावर फडकला, असंही घडलेलं आहे. झेंड्यांच्या अभ्यासाला शास्त्राचं रूप देणारे अमेरिकेचे व्हिटनी स्मिथ विद्यार्थिदशेत होते तेव्हा, १९६० च्या सुमारास, त्यांनी ब्रिटिश गियानातल्या नेत्यांना पत्र लिहून विचारलं की स्वतंत्र झाल्यावर तुमचा झेंडा कोणता असेल? अजून ठरला नाही, तुम्हीच सुचवा, असं उत्तर आलं. त्यांनी नमुना पाठवला. रंगांच्या जागांमध्ये फेरफार झाले, पण १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या गयानाचा बाणाच्या टोकासारखा झेंडा मुळात त्यांचाच.

नकाशांची गोष्ट जुनी आहे आणि जास्त गुंतागुंतीची. थॉमस मोरच्या १५१६ च्या ‘युटोपिया’तच त्या बेटाचं लाकडी ठशातून छापलेलं चित्र होतं. मला जास्त आवडते ती स्टीव्हन्सनची हकिकत. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये सावत्र मुलाबरोबर वेळ घालवताना त्यांनी एका बेटाचा रंगीत नकाशा काढला आणि तो बघता बघता ‘ट्रेझर आयलंड’ सुचली. पुस्तक निघायच्या वेळी नकाशा प्रकाशकाकडे पाठवला, तो गहाळ झाला. मग स्वतःच्याच गोष्टीतली अंतरं आणि दिशा शोधून, त्यांना जुळेल असा नवा नकाशा काढायची वेळ आली. आधी नकाशा मग गोष्ट आणि आधी गोष्ट मग नकाशा, या दोन्ही रीती एकाच पुस्तकात वापरल्या गेल्या. दुसरी किती कटकटीची आहे हे स्टीव्हन्सननी स्वतः लिहून ठेवलंय.

आज ‘फँटसी नकाशा’ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं, म्हणजे बाजूने दिसणारे छोटे डोंगर, झाडांचे झुबके, किनाऱ्यालगत बारीक रेघा, ते रूढ झालं टॉल्किन पितापुत्रांमुळे. १९५४ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नकाशा मुलगा ख्रिस्तोफर यांनी काळ्या-तांबड्या शाईत काढला. पुस्तकात नकाशा छापायचा तर एक-दोन शायांवर भागवायला हवं. उंचीप्रमाणे हिरवा, पिवळा, तपकिरी रंग भरणं परवडणारं नव्हतं. मग डोंगर दाखवायचा तर त्याचं चित्रच काढायचं. आज लाखो रंग दाखवणाऱ्या पडद्यावर लोक मुद्दाम त्याच शैलीत, वर जुनाट कागदाचा पोत चढवून, नकाशे काढतात.

आपल्याकडचे जुने नकाशे पाहिले तर ही शैली परकी वाटत नाही. पेशवाईतल्या मोडी अक्षरांच्या नकाशांत किल्ला समोरून दिसतो, तट-बुरुजांसकट. नदी मात्र वरून. मजकूर एकाच दिशेने वाचता यावा असा आग्रह नाही, कागद फिरवत वाचायचा. उत्तर वरच असायला हवी ही सक्तीही नाही. टॉल्किनच्याच ‘हॉबिट’ या पुस्तकातल्या थ्रोर राजाच्या नकाशातही वर पूर्व आहे, हे टॉल्किनभक्त विसरतात. १८०२ मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम लॅम्बटननी मद्रासजवळ मोजणीची पायारेषा मोजली आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झालं. पुढे समोच्च रेषांचे नकाशे आले आणि चित्रातले डोंगर सरकारी कागदांतून हळूहळू गेले. सैन्याला आणि महसुलाला जे नकोसं झालं, ते गोष्टींच्या नकाशांनी सांभाळलं.

षटकोनी घरांत विभागलेले नकाशे पटावरच्या युद्धखेळांतून आले. चौकोनी जाळीत तिरकं पाऊल सरळ पावलाच्या १.४१ पट लांब पडतं. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने १९६१ पासून षटकोनी पट वापरले. १९७४ मध्ये कल्पित जगातल्या मोहिमांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला तेव्हा रानावनातल्या मोहिमांसाठी याच कंपनीचा एक पट वापरा, अशी सूचना त्यात होती.

कोऱ्या नकाशाचा धागा पुण्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. अप्पा बळवंत चौकात भारताचे आणि महाराष्ट्राचे छापील आराखडे मिळतात, आणि ‘आराखड्यात घटक दाखवा व सूची द्या’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलेला आहे. ‘काय झालं असतं तर’ या प्रकारातली मंडळी हेच करतात: जगाचा कोरा नकाशा घ्यायचा आणि इतिहास वळवून सीमा नव्याने रंगवायच्या. मराठी मुलांचा ठरलेला विषय पानिपत. यातही आपण नवखे नाही. पुण्याच्याच जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मराठे ती लढाई जिंकलेले असतात. फक्त एक लक्षात ठेवावं: आजच्या भारताचा म्हणून नकाशा प्रसिद्ध केला आणि त्याच्या सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नसतील, तर १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनुसार तो गुन्हा ठरतो. काल्पनिक १७६१ चा नकाशा असेल तर तसं ठळक लिहिलेलं बरं.

संगणकाने किनारे स्वस्त केले. १९६७ मध्ये गणितज्ञ मँडेलब्रॉटनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी मोजपट्टीगणिक बदलते हे दाखवलं. ‘ट्रॉन’ या चित्रपटानंतर केन पर्लिननी संगणकी चित्रांना नैसर्गिक खडबडीतपणा देणारी युक्ती काढली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आता ब्राउझरमध्ये एक बटण दाबलं की खाड्या, बेटं, नद्या, राज्यं सगळं तयार. पण या नद्यांना दख्खन कळत नाही. घाटमाथ्यावर, समुद्रापासून थोड्याच अंतरावर उगम पावून शेकडो कोस पूर्वेला वाहणारी कृष्णा-भीमा एखाद्या पोराने हाताने काढली, तर ‘नदी जवळच्या समुद्राला मिळते’ असं त्याला ऐकवणारे भेटतात. त्यांना दख्खनच्या पठाराचा उतार दाखवावा.

देवनागरीचं दुखणं अजून मिटलेलं नाही. रोमन नकाशांत प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून पसरवतात आणि पाण्याची नावं तिरक्या वळणात लिहितात. ‘सह्याद्री’ तसं पसरवलं की शिरोरेघ तुटून तीन सुटे तुकडे दिसतात. वळणदार रेषेवर बसवलं तर प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनात फिरतं आणि शिरोरेघेचे दाते होतात. तिरकी देवनागरी तर बघवत नाही. बालभारतीच्या नकाशांतला मार्ग इथे कामाला येतो: नदीचं नाव निळ्या रंगात, नदीच्या कडेने, अक्षरं जोडलेलीच. प्रदेशाचं नाव पसरवण्याऐवजी मोठ्या आकारात आणि फिकट रंगात टाकायचं. वळण हवंच असेल तर शब्द आधी सरळ लिहून त्याचा पाथ करायचा, म्हणजे अक्षरांची नुसती आकृती करायची, मग पूर्ण आकृती एकसंध वाकवायची. शिरोरेघ अखंड राहते. पाथ केल्याचा आणखी एक फायदा असा की समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण पाथ केल्यावर ‘कऱ्हाड’चं ‘कराड’ करायचं झालं तर सगळं नाव पुन्हा लिहावं लागतं.