कॅन्सर रुग्णासाठी घरपोच आधारसेवा : कोण पात्र, कोणती कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

कॅन्सरच्या रुग्णाचे बहुतेक दिवस हॉस्पिटलमध्ये नाही, घरीच जातात. केमोच्या दोन फेऱ्यांमधले आठवडे, ऑपरेशननंतरची जखम, मध्यरात्री वाढलेली वेदना, सगळं घरच्यांनाच निभावून न्यावं लागतं. ते कसं निभवायचं, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी बसवून शिकवतं. घरपोच आधारसेवा आहे ती यासाठी. परिचारिका, डॉक्टर आणि समुपदेशक घरी येतात, रुग्णाला तपासतात आणि सांभाळणाऱ्यांना तयार करतात. हॉस्पिटलांचे पॅलिएटिव्ह केअर विभाग (म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करून रुग्णाला आधार देणारे), हॉस्पिस (गंभीर आजाराच्या शेवटच्या काळात रुग्णाची काळजी घेणाऱ्या संस्था) आणि सेवाभावी संस्था ही सेवा चालवतात.

अर्ज कधी करायचा

निदान झाल्यावर, लवकरात लवकर. ‘अजून उपचार चालू आहेत, एवढ्यात कशाला’ म्हणून लोक थांबतात आणि रुग्णाचे महिनेच्या महिने विनाकारण त्रासात जातात. ही सेवा केमो किंवा रेडिएशनच्या जोडीने घेता येते. ती घेतली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ नाही. 2010 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं आणि ते सरासरीने जास्त जगले.

पात्रता

निदान पक्कं झालेलं असावं, घर सेवेच्या क्षेत्रात असावं आणि घरात रुग्णाची जबाबदारी घेणारं कुणीतरी असावं, एवढं साधारणपणे पाहिलं जातं. कॅन्सर कोणत्या टप्प्यावर आहे यापेक्षा त्रास किती आहे, याला जास्त महत्त्व असतं.

डॉक्टरांच्या पत्रात ‘ईकॉग’ असा शब्द आणि पुढे 0 ते 4 मधला आकडा दिसेल. रुग्ण किती हिंडूफिरू शकतो याची ती मोजपट्टी आहे. 0 म्हणजे आजाराआधीसारखाच वावर. 2 म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं, पण कामधंदा जमत नाही. 3 म्हणजे जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. 4 म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. 3 किंवा 4 असेल तर गृहभेटीला सहसा प्राधान्य मिळतं. पण आकडा 1 असूनही वेदना आटोक्यात नसेल तर अर्ज जरूर करा.

कागदपत्रं

सर्वांत आधी बायोप्सीचा रिपोर्ट शोधून ठेवा. निदानाचा मुख्य पुरावा तोच, आणि फाइलच्या तळाशी नेमका तोच हरवतो. त्यासोबत अलीकडचं डिस्चार्ज कार्ड, स्कॅन आणि रक्ततपासणीचे ताजे रिपोर्ट, रुग्णाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता रुग्ण सध्या राहतो तिथला द्या. आजारपणात आईवडील मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला आलेले असतात आणि ओळखपत्रावर जुनाच पत्ता असतो. तसं असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं शिफारसपत्र मागताना संकोच करू नका. त्यात आजाराचं नाव, झालेले उपचार, पुढे काय ठरलं आहे, ईकॉगचा आकडा आणि सध्याचे त्रास असावेत. नुसतं ‘गृहसेवेसाठी पाठवत आहे’ एवढ्याच ओळीचं पत्र आलं, तर बाकीची माहिती विचारण्यातच वेळ जातो.

औषधांची यादी मात्र स्वतः करा: नाव, मात्रा, वेळ. दुसऱ्या पॅथीच्या पुड्या आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या गोळ्याही त्यात लिहा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हे ठळक लिहा.

शेवटचं म्हणजे संमतीपत्र. रुग्ण शुद्धीवर आहे आणि निर्णय घेऊ शकतो, तोवर सही त्याचीच. आजाराचं नाव त्याच्यापासून लपवलेलं असेल, तर पहिल्या भेटीआधीच टीमला सांगा. परिचारिकेला रुग्णाशी खोटं बोलायला लावू नका. रुग्णाला किती जाणून घ्यायचं आहे ते हळुवारपणे चाचपणं आणि त्याच्या कलाने सांगणं, यात समुपदेशक घरच्यांना मदत करतात.

अर्ज भरताना

अर्ज रुग्णाच्या वतीने घरची व्यक्ती भरू शकते. ‘सध्याचा त्रास’ या रकान्यात ‘अशक्तपणा, दुखणं’ एवढं लिहून भागत नाही. 0 म्हणजे वेदना नाही आणि 10 म्हणजे कल्पनेपलीकडची, असं धरून रुग्णालाच आकडा विचारा आणि तोच लिहा. कुठे दुखतं, रात्री झोप लागते का, उलट्या किती वेळा, शौचाला किती दिवस झालं नाही, हेही लिहा. सोसण्याची सवय लागलेला माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो आणि त्याची भेट पुढे ढकलली जाते.

सांभाळणाऱ्या व्यक्तीचा रकाना तितकाच मन लावून भरा. तिला स्वतःला काही आजार आहे का, रात्री सोबत कोण असतं, हे लिहिलं तरच तिच्यासाठीही मदत आखता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही पॅलिएटिव्ह केअर रुग्णासोबत कुटुंबासाठीही आहे.

अर्जानंतर

आधी फोन येतो, मग पहिली भेट ठरते. त्या वेळी सांभाळणारी व्यक्ती घरी हवीच, कारण शिकवणं तिलाच असतं: दाबव्रण, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, नळीतून अन्न कसं द्यायचं, स्टोमाची (मल किंवा लघवी बाहेर यावी म्हणून पोटावर ऑपरेशनने केलेल्या छिद्राची) पिशवी कशी बदलायची. केमोनंतरचे साधारण 48 तास उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालायचे, हेही त्यात येतं. मॉर्फिन सुरू झालं तर मूळ प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा, गोळ्या कुलपात ठेवा आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद करा. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध दिलं आहे ना, ते विचारून घ्या. मॉर्फिन वेदनेसाठी असतं. ते लिहून दिलं म्हणजे शेवट जवळ आला, असा अर्थ काढून ते बंद करू नका.

गृहसेवा तातडीच्या उपचारांची जागा घेत नाही. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, न थांबणारा रक्तस्राव झाला, धाप लागली किंवा पायांतली ताकद अचानक गेली, तर भेटीची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

नकार आला तर

कारण लेखी मागा. एखादा रिपोर्ट कमी पडला असेल, तर तो जोडून पुन्हा अर्ज करता येतो. घर क्षेत्राबाहेर असेल, तर फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून सल्ला आणि घरच्यांचं प्रशिक्षण मिळेल का, हे विचारा. जवळच्या दुसऱ्या सेवेचं नावही त्यांच्याकडूनच मागून घ्या.